टंकी रिकामी होईपर्यंत

हे प्रकरण उजेडात आलं ते टंकीमुळे. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, चढावर पंप करत. बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं, त्यामुळे इथे टंकीकडे प्रत्येकाचं लक्ष असतं. जुन्या मराठी वस्तीतलं दुमजली घर. खाली काका-काकू, वर आजी, आई-बाबा आणि मुलगा. गच्चीवर दोन्ही घरांत मिळून हजार लिटरची एकच काळी टंकी. नोव्हेंबर 2024 मधल्या एका सकाळी काका जिन्यातून ओरडले, "परत टंकी रिकामी! वर काय धोबीघाट उघडलाय?"

मुलाबद्दल घरातून उठलेली ही पहिली तक्रार. आजार तोवर किमान दोन वर्षांचा झाला होता.

मी इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. मुलगा, आई-बाबा आणि आजी यांच्या संमतीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला नाव देत नाही. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, सीबीएसईच्या शाळेत नववीला. निदान: ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर), तीव्र.

कौतुकाचा काळ

2020 मध्ये तो दहा वर्षांचा होता. सगळं जग वीस सेकंद हात धूत होतं, तोही धूत होता, आणि इतर मुलांपेक्षा नीट. "याच्याकडून शिका जरा," असं काकू स्वतःच्या मुलांना सांगायच्या. पुढे सगळ्यांचं धुणं सुटलं, त्याचं राहिलं. त्यात आमचं गाव 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय. इथलं शेंबडं पोरही ओला कचरा-सुका कचरा सांगतं. शाळेनं त्याला स्वच्छतादूताचा बिल्ला दिला. तो बिल्ला मी पाहिलाय. अजून त्याच्या कपाटात आहे.

मे 2022 मध्ये मुंज झाली. संध्या आणि अथर्वशीर्ष आजीनं स्वतः पाठ करून घेतलं. त्याच वर्षाअखेरी आजोबा गेले. बाबांना पीथमपूरच्या कंपनीची बस सकाळी साडेसहाला पकडावी लागते, तेव्हा देवपूजा मुलाकडे आली. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचा नातू सोवळ्यानं पूजा करतो हो. आजकाल कोण करतं?"

आत काय चाललं होतं ते त्यानं मला पुढे सांगितलं. अथर्वशीर्ष म्हणताना एखादा शब्द चुकला असं वाटायचं. चुकलेला नसायचा, पण वाटायचं, आणि मग पहिल्यापासून. थोड्या दिवसांनी देवासमोर बसलं की मनात शिवी यायला लागली. थेट गणपतीला. शिवी आली की हात विटाळले, ताम्हनातलं पाणी विटाळलं, आंघोळ पुन्हा. आणि पुन्हा केली नाही तर? आजोबांसारखी आजीही जाईल, आणि ती त्याच्यामुळे जाईल.

ओसीडी म्हणजे टापटिपीची आवड, असं बोलण्यात सर्रास येतं. "मला ना, जरा ओसीडी आहे," असं लोक हसत सांगतात. आवड असलेला माणूस घर आवरून खूश होतो. हा मुलगा एकदाही खूश झाला नव्हता. नको असलेला विचार येतो, त्यानं जीव घाबरा होतो, एखादी कृती केली की घटकाभर बरं वाटतं, आणि तो घटकाभराचा आरामच पुढच्या वेळी तीच कृती मागतो. गजकर्ण खाजवल्यासारखं आहे ते: खाजवताना सुख, आणि डाग वाढत जातो. शंभरात एक-दोन मुलांना हा आजार असतो. मुलग्यांत तो बरेचदा दहाच्या आसपासच सुरू होतो.

आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे: मंत्रचळ. पहिल्या भेटीत मी ओसीडी समजावून सांगत होते, तर आजी मध्येच म्हणाली, "म्हणजे मंत्रचळच की! माझ्या आत्याला होता. बालविधवा होती बिचारी. दिवसभर विहिरीवर. आम्ही पोरं तिला मुद्दाम शिवायचो." मग गप्प झाली. शब्द ठाऊक होता, माणूस डोळ्यांसमोर होता, पण आत्या विहिरीवरच म्हातारी झाली. मंत्रचळ हा औषधपाण्याचा विषय असतो हे आजीच्या कानावर कधी आलंच नव्हतं. तो स्वभाव होता, फार तर भोग. मी इतकी वर्षं 'जनजागृती'ची भाषणं दिली, त्यांत हा शब्द एकदाही वापरला नाही याची मला त्या दिवशी लाज वाटली.

किती वेळा?

2023 मध्ये त्याला तीनदा त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं होतं. हात कोपरापर्यंत लाल, बोटांच्या पेरांवर चिरा, थंडीत रक्त यायचं. दर वेळी मलम, दर वेळी "साबण बदला". साबण चारदा बदलला. हात दिवसातून किती वेळा धुतोस, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता का, कुणास ठाऊक. पण प्रश्न झालाच नाही. डॉक्टरांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आई रोज तो नळ ऐकत होती.

शाळेतही तसंच. सातवीत त्याची वही वर्गात फिरवून दाखवत, इतकं सुरेख अक्षर. आठवीत तो प्रत्येक ओळ खोडून पुन्हा लिहू लागला, पेपर अर्धे राहू लागले. नववीत बस चुकायला लागली तेव्हा डायरीत लाल शाईचा शेरा आला: उशिरा येण्याची सवय. शाळेत समुपदेशक होत्या, म्हणजे फलकावर नाव होतं. त्या दहावीनंतरच्या शाखा निवडीचं काम बघायच्या. सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. नेमलेला माणूस लाल शाईचे शेरे वाचेल का, हा माझा प्रश्न आहे.

आजीनं गुरुजींना पत्रिका दाखवली होती, ग्रहांची शांतही करून झाली होती. गुरुजींचं पुढे येतंच.

कॉक

काका ओरडले तो दिवस रविवार होता, बाबा घरी होते. मुलगा सहा वाजून दहा मिनिटांनी न्हाणीत गेला होता. आठ वाजत आले होते. बाबा एक शब्द न बोलता गच्चीवर गेले आणि टंकीचा कॉक फिरवला.

आतून हाक आली, "बाबा, पाणी." मग, "आई, पाणी गेलं." मग काहीच नाही. अंगाला साबण, डोक्याला साबण, आणि आंघोळ 'पूर्ण' झालेली नाही, म्हणून बाहेर येता येत नाही. आई दाराला टेकून बसली. तो थंडीनं कुडकुडत होता, दातांचा आवाज बाहेर ऐकू येत होता, पण कडी काढेना. बाबांनी आता कॉक उघडला तर टंकीच खालपर्यंत कोरडी. असे दीड तास गेले. शेवटी आजीनं आपल्या सोवळ्याच्या पाण्याची तांब्याची कळशी आणून उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "हे घे बाळा, हे शुद्धच आहे." तेव्हा दार उघडलं.

या कळशीचा मी नंतर फार विचार केला. त्या क्षणी दुसरं काय करणार होती ती? पण आजाराच्या हिशेबात ती कळशी म्हणजे खतपाणी. दोन वर्षं घर हेच करत आलं होतं. आई त्याचे कपडे वेगळे धुवायची, बाबा चपला जिन्यात ठेवायचे, मोटरचं बटण तो शिवत नाही म्हणून आई लावायची, आणि "मी शुद्ध आहे ना?" या प्रश्नाला आजी दिवसातून पन्नासदा "हो रे बाळा" म्हणायची. जीव लावणारी माणसंच आजाराची चाकरी करतात, न कळत. म्हणूनच असल्या घरातून तक्रार येत नाही. इथे आजाराचा त्रास पहिल्यांदा ज्याला झाला आणि ज्यानं तो बोलून दाखवला, तो माणूस खालच्या मजल्यावर राहत होता.

त्या रात्री आईनं गच्चीवर जाऊन 14416 ला फोन लावला. ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. भाषांत मराठीही आहे. आईला नंबर कुठून मिळाला? गॅसच्या बिलाच्या मागे तिनंच केव्हातरी लिहून ठेवला होता. म्हणजे तिला कळत होतं. ती मला म्हणाली, "ताई, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, किती वेळा? आणि मी मोजायला लागले आणि मला रडूच आलं."

दवाखान्यापर्यंत

फोनवर त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं. तरी जायला पाच आठवडे लागले. इंदूरचं मेंटल हॉस्पिटल बाणगंगेला आहे, आणि या घरात कुणी तऱ्हेवाईक वागलं की "याला बाणगंगेला न्या" असं म्हणायची पद्धत होती. चेष्टेत. बाबा आता तेच वाक्य गंभीरपणे म्हणाले: "आपल्यात कुणी बाणगंगेला गेलेलं नाही." कुणी त्यांना तिथे जायला सांगितलंही नव्हतं. शेवटी घरापासून लांबचा खाजगी दवाखाना, संध्याकाळची शेवटची वेळ. स्कूटीवर स्कार्फ इथल्या सगळ्याच बायका बांधतात. आईनं तो वेटिंगमध्येही सोडला नाही.

डॉक्टरांनी निदान बरोबर केलं, सर्ट्रालीन सुरू केली. मुलांच्या ओसीडीवर हे नेहमीचं औषध आहे. अकराव्या दिवशी घरच्यांनी ते बंद केलं. पोट बिघडलं होतं, फरक काही नव्हता, आणि औषधाच्या दुकानातला पोऱ्या आईला म्हणाला होता, "आंटी, ये तो डिप्रेशन की गोली है, आदत पड़ जाएगी." ओसीडीत या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, डोसही बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो, आणि सवय लागण्यासारखं त्यात काही नसतं. डॉक्टरांनी हे सांगितलं नसेल असं मला वाटत नाही. पण स्कार्फमधून आईला तेवढं ऐकू आलं नसावं.

गोळी जानेवारी 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिले काही आठवडे वागण्या-बोलण्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. या वयात या औषधांच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, हे बघावं लागतं. ते मीही पुढे सरळ शब्दांत विचारलं. जीव द्यावासा वाटला नव्हता; "झोपेतून उठलोच नाही तर बरं" असं मात्र कॉकच्या दिवसानंतर वाटायचं.

थेरपीसाठी आधी एका ठिकाणी सहा बैठका झाल्या. सत्राला हजार रुपये. बाबांच्या कंपनीचा विमा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराबरोबरीचं स्थान दिलंय, हे त्यांनी वाचलं होतं. पण पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देणारी. भरती न होता बरं व्हायचं तर खिशातून. त्या बैठकांत त्याला मनगटावर रबरबँड दिलं होतं: वाईट विचार आला की चटका द्यायचा. दोन आठवड्यांत मनगट सुजलं आणि चटका हाच नवा विधी झाला. आठ चटके म्हणजे शुद्ध, सात म्हणजे नाही. विचार हाकलायला जाल तर तो अंगावर येतो, हे ओसीडीचं पहिलं पान आहे, आणि तरी ही पद्धत अजून चालते याचा मला राग आहे.

तिथलं सगळं हिंदीत होतं. "गंदे विचार आते हैं क्या?" असं त्याला विचारलं गेलं. तो "नहीं" म्हणाला.

मार्चमध्ये, आईच्या भिशीतल्या एकीच्या ओळखीनं, ते माझ्याकडे आले. मी विचारलं काहीच नाही, यादी सांगितली. म्हटलं, माझ्याकडे येणाऱ्या मुलांना काय काय मनात येतं बघ. एकाला वाटतं, आपण धाकट्या बहिणीला गच्चीवरून ढकलू. एकीला देवळात कपडे काढावेसे वाटतील अशी भीती वाटते. एकाला देवाचं नाव घेतलं की शिवी येते... इथे त्यानं मान वर केली. "कोणती?" त्यानं विचारलं. मी एक सांगितली. तो म्हणाला, "माझी त्याहून घाण आहे," आणि पहिल्यांदा हसला. शिव्या हिंदीत आणि भीती मराठीत, असा तो मामला होता. हिंदीत तो शाळेत बोलतो, भांडतो, क्रिकेट खेळतो. पाप, विटाळ, आजी हे सगळं मराठीत राहतं. शहरात चांगले मनोविकारतज्ज्ञ आहेत, पण या आजाराची थेरपी नीट शिकलेले आणि मराठीत बोलणारे, बोटांवर मोजावेत इतकेही नाहीत.

चूक माझ्याकडूनही झाली. निघताना त्यानं विचारलं, "मावशी, मनात आलं म्हणून खरंच आजीला काही होणार नाही ना?" मी म्हणाले, "अजिबात नाही." पुढच्या चार दिवसांत आईच्या फोनवरून हाच प्रश्न मला एकवीस वेळा आला. मी आजीच्या ओळीत जाऊन बसले होते.

दरोगा

आजाराला नाव द्यायला सांगितल्यावर त्यानं लगेच दिलं: दरोगा. नगर निगमचे सफाई दरोगे वस्तीत फिरतात, कचरा दिसला की दंड करतात. याच्या डोक्यातला दरोगा कचरा नसतानाही पावती फाडायचा.

पद्धत सांगायला सोपी आहे: भीतीला सामोरं जायचं आणि त्यानंतरची कृती करायची नाही. भीती आपोआप उतरते, किंवा उतरली नाही तरी निभावता येते, हे शरीराला शिकवायचं. आम्ही भीतीची उतरंड मांडली, खरोखरच मडक्यांचं चित्र काढून, सगळ्यात लहान मडकं वर. त्यात मोटरचं बटण होतं, बाबांची चप्पल होती, चुकलेलं अथर्वशीर्ष होतं. तो भीती टक्क्यांत सांगायचा. आजी आण्यांत सांगायची. "आज बारा आणे होती हो," असा तिचा रिपोर्ट यायचा, आणि तो बहुधा त्याच्या टक्क्यांपेक्षा अचूक निघायचा.

चपलेचा दिवस मला नीट आठवतो. त्यानं बाबांच्या चपलेच्या तळाला दोन बोटं लावली. मीही लावली. मग दोघांनी त्याच बोटांनी पुड्यातली लसणाची शेव खाल्ली. पहिला घास घेताना त्याचा घसा हलत नव्हता. नव्वद टक्के. वीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो, मी धीर दिला नाही, घड्याळही दाखवलं नाही. साठ. मग त्यानं अजून शेव मागितली, कारण भूक लागली होती. महिन्याभरानं बाबा त्याला पोहे-जलेबीच्या ठेल्यावर घेऊन गेले, हात न धुता खायला. कॉकच्या दिवसानंतर बापलेक पहिल्यांदाच एकत्र बाहेर पडले होते.

सगळ्यात अवघड काम आजीचं होतं. "मी शुद्ध आहे ना?" ला उत्तर द्यायचं नाही. ती मला म्हणाली, "अगं, तो रडतो. मी दगड होऊ का?" मी म्हटलं, आजी, उत्तर देऊ नका, जवळ घ्या. ती दोन दिवस प्रयत्न करून हरली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच वाट काढली. त्यानं विचारलं की ती म्हणायची, "तू विचारतोयस की दरोगा?" तो वैतागायचा, आदळआपट करायचा, एकदा ताम्हनच फेकलं. पण प्रश्न पन्नासावरून सहा-सातावर आले.

गुरुजींना मीच भेटले. मला वाटलं होतं अडचण होईल. ते म्हणाले, आजारी माणसाला शास्त्रात सूट असते, ओल्या फडक्यानं अंग पुसलं तरी स्नान होतं. आणि मनात आलेल्या गोष्टीवर माणसाचा ताबा नसतो, त्याचं पाप लागत नाही. मुलाला हे त्यांनी एकदा समोर बसवून सांगितलं. फार बरं वाटलं त्याला. इतकं, की दुसऱ्या दिवशी त्यानं गुरुजींना पाच फोन केले, तेच पुन्हा ऐकायला. मग गुरुजींनाही सांगावं लागलं: आता फोन आला तर हवापाण्याच्या गप्पा मारा. ते त्यांनी इमानेइतबारे केलं.

मुलांच्या ओसीडीची तीव्रता 0 ते 40 या मापावर मोजतात. मार्चमध्ये त्याचे गुण 27 होते. ऑगस्टमध्ये 14. औषध आणि थेरपी दोन्ही चालू होतं, कशाचा किती वाटा ते वेगळं काढता येणार नाही. मध्ये जुलैमध्ये युनिट टेस्टच्या आठवड्यात खोडणं परत सुरू झालं होतं आणि बाबा मला फोनवर म्हणाले, "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून का?" त्यांच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला मुलाचं अथर्वशीर्ष आठवलं. मी म्हटलं, नाही, जिथे आहात तिथूनच पुढे म्हणा.

27 ऑगस्टला गणपती बसले. आदल्या वर्षी याच घरात प्राणप्रतिष्ठेला चार तास लागले होते, नैवेद्य तिन्हीसांजेला झाला होता, काका न जेवता कामावर गेले होते. या वर्षी ठरलं होतं की अथर्वशीर्षातला एक शब्द मुद्दाम गाळायचा आणि पुढे जायचं. आजीची परवानगी मी आधी घेतली होती. तिनं एक दिवस मागून घेऊन दिली होती. त्यानं शब्द गाळला. आजीचा हात जपमाळेवर थांबला, ओठ हलले, पण ती बोलली नाही. सव्वा तासात आरती.

हे लिहिताना नोव्हेंबर 2025 आहे. गुण 11. गोळी चालू आहे, निदान वर्षभर तरी चालेल. बैठक महिन्यातून एकदा. हाताची कातडी नवी आली आहे. परीक्षेच्या दिवसांत दरोगा चक्कर मारून जातो.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला, हसत होती. मोटर लावायचं काम आता मुलाकडे आहे. त्यानं बटण दाबलं, क्रिकेटची मॅच लागली होती, आणि तो विसरला. टंकी भरून वाहिली, पाणी जिन्यावरून खाली काकांच्या ओट्यापर्यंत आलं. काका पुन्हा जिन्यात उभे राहून ओरडत होते.